काशे, तू बडबडत नव्हतीस

परवा तालुक्याला तुझी शोकसभा झाली आणि मी फार छान बोलले, काशे. असं सगळ्यांचं मत पडलं. "यशोदा मॅडमनी डोळ्यांत पाणी आणलं हो," असं एक केंद्रप्रमुख चहाचा कप हातात घेऊन म्हणाले. हाडाची शिक्षिका, हसतमुख व्यक्तिमत्त्व, कधीही भरून न निघणारी पोकळी, जे जे अशा वेळी म्हणतात ते ते सगळं मी म्हटलं. तू असतीस तर मागच्या खुर्चीवर बसून पदराआड हसली असतीस आणि बाहेर आल्यावर मला चिमटा काढून म्हणाली असतीस, "यशे, मेलं कोण ते तरी नीट सांगायचं होतंस!"

खरंच, ती हसतमुख बाई कोण होती मला माहीत नाही. तू कधी हसतमुख होतीस? सकाळी शाळेचं कुलूप उघडताना तुझ्या तोंडाकडे बघायची कुणाची छाती व्हायची नाही. भांडायला उभी राहिलीस की समोर साहेब असो की बाजारातली सुकटवाली, तू सोडायची नाहीस. माझ्याशी तर लहानपणापासून भांडत आलीस आणि शेवटचं भांडण अर्धं टाकून गेलीस. दवाखान्यात मी जे केलं ते त्याच भांडणाचं शेपूट होतं. ते मला सभेत सांगायचं होतं. माइक हातात होता, तोंडही चालू होतं, पण नेमकं तेवढंच बाहेर आलं नाही. म्हणून आता घरी बसून तुला हे लिहितेय. जनाची नाही तर मनाची तरी.

तू खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर पहिली-दुसरी शिकवायचीस आणि मी मोखाडा-जव्हारभर हिंडून शिक्षकांना शिकवायचे. मला सगळे 'मेंदूवाल्या मॅडम' म्हणायचे, कारण माझं प्रशिक्षण मेंदूवरचं. मूल शिकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय होतं, आणि म्हणून वर्गात आपण काय करावं. पडद्यावर माझा एक लाडका मेंदू होता, अर्धा निळा, अर्धा गुलाबी. निळ्या बाजूला भाषा, गणित आणि तर्क, गुलाबी बाजूला गाणी आणि चित्रं. तो पडद्यावर आला की पेंगणारे गुरुजीसुद्धा मोबाइल काढून फोटो घ्यायचे. आणि तू भर प्रशिक्षणात हात वर करून विचारलंस, "मॅडम, पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी रडतं ते निळ्या बाजूनं रडतं का गुलाबी?"

सगळा हॉल हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्याशेजारी बसलेसुद्धा नाही.

मग ते बिल्ल्यांचं प्रकरण आठव. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, तर प्रत्येकाच्या छातीला रंगीत बिल्ला लावा आणि त्याप्रमाणे शिकवा, असं मी सांगितलं होतं. सगळ्या शाळांनी लावले. तुझ्या शाळेत आले तर एकाच्याही छातीवर बिल्ला नाही. ते सगळे रंगीत पुठ्ठे तू पोरांना मोजायला दिले होतेस. "सगळी बघतात, सगळी ऐकतात, आणि मोकळी सोडली की सगळीच हातानं करतात," म्हणालीस, "आता कुणाला कुठला लावू?"

तुला एक कधीच कळलं नाही. पुढे मी मोबाइलवर एक कोर्स केला, मेंदू आणि शिक्षण यांच्यावरचाच. त्यात शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, हे निळं-गुलाबी खूळ सोडून द्या, कुठल्याही साध्या कामाला दोन्ही बाजू लागतात. आणि बघणारी, ऐकणारी असे मुलांचे गट पाडून शिकवलं की मुलं जास्त शिकतात, याला काही आधार मिळालेला नाही. पण ती स्लाइड मी काढली नाही. लोकांना आवडायची ना! आणि तुला सांगितलं असतं तर तू खोडाळ्याच्या बाजारात दवंडी पिटली असतीस.

पण म्हणून तू काही सरस्वतीचा अवतार नव्हतीस, बाई. निम्मं खोटं वाटलं म्हणून तू सगळंच खोटं धरून बसायचीस. डावखुऱ्या पोराच्या हातातला खडू काढून तू उजव्या हातात द्यायचीस, आणि मी ओरडले की म्हणायचीस, "जेवायला बसल्यावर लोक काय म्हणतील त्याला?" मी सांगायचे, मेंदूची ठेवणच तशी असते, त्याला मोडू नकोस. तू म्हणायचीस, "मेंदू शाळेत येत नाही यशे, पोर येतं." मी म्हणायचे, "आणि पोर काय मेंदू घरी खुंटीला टांगून येतं?" मग तू पाढ्यांवर यायचीस. तुझ्या वर्गात रोज सकाळी पाढ्यांचा गजर, आणि मी म्हणायचे की असं घोकून डोक्यात काही राहत नाही. तू म्हणायचीस, राहतं. पाच-पाच वेळा तेच. आपली भांडणं म्हणजे भाताच्या रोपांची आवणी, वर्षाला ठरलेली.

एकदा मात्र मी सांगितलेलं तू ऐकलंस. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात धडा बसत नाही, भीतीच बसते, असं मी म्हटलं होतं. तू फक्त "हं" केलंस. पुढे तुझ्या भाचीकडून कळलं की त्याच आठवड्यात तू शाळेतली छडी चुलीत घातलीस. मला म्हणाली नाहीस. मीपण तुला कधी दाखवलं नाही की मला कळलंय. त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं, ते तुला सांगायला हवं होतं.

खरं भांडण मात्र माझ्या शेवटच्या स्लाइडवरचं. 'वर्गात एकच भाषा: मराठी. दोन भाषांनी मेंदू गोंधळतो.' हे वाक्य माझं नव्हतं. माझ्या आधी जे प्रशिक्षण घ्यायचे त्यांच्या स्लाइडवर होतं, मी पुढे चालवलं. कुठून आलं, कुणी तपासलं, कधी विचारलं नाही. आणि तू पहिलीला दिवाळीपर्यंत आपल्या घरच्या बोलीत शिकवायचीस. आधी गोष्ट बोलीत, मग तीच गोष्ट मराठीत, मग मराठीतूनच प्रश्न. साहेब भेटीला आले तरी तू बदलायची नाहीस. वरून मला निरोप आला, "त्या काशीबाईंना समजवा जरा." मी तुला बाजारात गाठलं. तू बोंबील निवडत होतीस. मी म्हटलं, "काशे, पोरांचं नुकसान करतेयस तू. ती कायमची मागं राहतील." तू मान वर न करता म्हणालीस, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

सुकटवाली हसली. मी तिथून तरातरा निघून आले. सगळा पावसाळा आपण बोललो नाही.

मला राग तुझा आला नव्हता. तू सगळ्यांसमोर 'गोत' म्हणालीस त्याचा आला होता. तालुक्याच्या ऑफिसात मी कुठली आहे हे कुणाला माहीत नव्हतं. लग्नानंतरचं आडनाव शहराकडचं, बोलणं अगदी पुस्तकातलं. "मॅडम, तुम्ही कल्याणकडच्या ना?" असं कुणी विचारलं की मी हो म्हणायचे नाही आणि नाहीही म्हणायचे नाही. दोघीच असलो की तू बोलीत बोलायचीस आणि मी मराठीत उत्तर द्यायचे, आपलं असंच चाललं होतं. आतासुद्धा तुझं सगळं बोलणं मी मराठीत लिहितेय. सांभाळून घे. हात दुसऱ्या भाषेत चालतच नाही.

आणि ही मराठी मला दिली कुणी? आश्रमशाळेत आपण शेजारी बसायचो. गुरुजी काय बोलतात मला अक्षर कळायचं नाही. तुझा मामा शिपाई, त्याच्यामुळे तुला थोडं कळायचं. गुरुजींनी एक वाक्य म्हटलं की तू माझ्या कानात ते आपल्या बोलीत सांगायचीस. कितीतरी महिने मी गुरुजींकडे तोंड करून तुला ऐकत होते. "बडबड कोण करतंय?" असं गुरुजी ओरडायचे आणि कोपऱ्यात तू उभी राहायचीस. कोपऱ्यातूनही खुणा करायचीस! मी मराठी शिकले ती बोलीचा हात धरून, तुझ्या तोंडून. आणि मोठी झाल्यावर मी लोकांना सांगत फिरले की बोलीनं मेंदू गोंधळतो. माझा कुठं गोंधळला होता?

उन्हाळ्यात तुला झटका आला. शाळेच्या ओट्यावर बसल्या बसल्या तू कलंडलीस, उजवं अंग गेलं, वाचा गेली. जीपमध्ये घालून जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. निरोप मिळाल्यावर मी दुसऱ्या दिवशी निघाले. एकटी गेले असते तर कदाचित वेगळं झालं असतं. पण विस्तार अधिकारी म्हणाले, आमच्याच गाडीतून चला. ऑफिसातल्या दोघी मॅडमही बरोबर आल्या.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी तुझ्या डोक्याचं चित्र उजेडासमोर धरून दाखवलं. काशे, इतकी वर्षं मी मेंदूचा धंदा केला, आणि खऱ्या माणसाचा मेंदू पहिल्यांदा पाहिला तो तुझा. निळा नाही, गुलाबी नाही. सगळा राखाडी, आणि डाव्या बाजूला एक डाग. "भाषेचं काम बहुतेकांचं या बाजूला जास्त चालतं," ते म्हणाले. माझ्या त्या स्लाइडमधलं तेवढं एक खरं निघालं.

मग ते आम्हाला घेऊन तुझ्या खाटेशी आले. तुला कितपत समजतंय ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी खिशातून फणी काढली आणि जरा मोठ्यानं, सावकाश विचारलं, "मावशी, हे काय आहे?" तू बघत राहिलीस. "याचं काय करतात?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग तुझे ओठ हलले. जीभ जड होती, शब्द तुटत होते, पण मला स्वच्छ कळलं. आपल्या बोलीत तू म्हणालीस, माझी नाही ही, माझी घरी आहे, खुंटीला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय म्हणाल्या?"

विस्तार अधिकारी माझ्या डाव्या हाताला होते. दोघी मॅडम मागे. आणि मी म्हणाले, "काही नाही डॉक्टर, असंच काहीतरी बडबडतेय."

मी ठरवून नाही म्हटलं ते, काशे. तेच तर वाईट आहे. ठरवून केलं असतं तर आधी क्षणभर तरी विचार केला असता. ते तोंडातून आपोआप आलं, जसं कुणी पत्ता विचारला की आपण हात करतो. डॉक्टरांनी मान हलवली आणि बरोबरच्या नर्सला सांगितलं की समज फारशी नाही. तुझे डोळे माझ्यावर होते. तुला सगळं समजत होतं. मी तुझ्या अंगावरची चादर नीट केली, उगाच, आधीच नीट होती ती. गाडीत परत येताना एक मॅडम म्हणाल्या, "बिचाऱ्यांचं डोकंच गेलं."

दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ आला आणि तुझ्याशी बोलू लागला. तू त्याला विचारलंस, म्हैस व्याली का. तो धावत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर चकित झाले, खूश झाले, पुन्हा तपासलं, भाऊ मध्ये सांगायला. समज चांगलीच होती. नुसती मराठी सापडत नव्हती, बोली मात्र येत होती. भावानं मला फोनवर हे सगळं आनंदानं सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, काल बरोबर एवढी माणसं होती, कुणी बोललं कसं नाही? मी म्हटलं, त्यांना कुणाला आपली बोली येत नसेल." तुझा भाऊ भोळा की शहाणा, मला अजून उलगडलेलं नाही.

पुढच्या वेळी मी एकटी गेले, तुला न भेटता नुसती डॉक्टरांना भेटले, आणि शिक्षक म्हणून प्रश्न विचारले. असं कसं होतं? त्यांनी समजावलं. दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. बरीचशी जागा दोघींची एकच. इजा झाली की कधी एक आधी परत येते, कधी दुसरी, कधी दोन्ही बरोबर, आधी सांगता येत नाही. "जी येतेय तिच्यात बोलत राहा," म्हणाले, "तिचा आधार मिळाला की दुसरीही येऊ शकते." मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि तू निवडत असलेले बोंबील डोळ्यांपुढे आले.

आता तू म्हणशील, बघ, जिंकले मी. थांब जरा. डॉक्टर आजारी माणसाबद्दल बोलत होते, पहिलीच्या वर्गाबद्दल नाही. दवाखान्यातलं एक वाक्य उचलायचं आणि फळ्यावर चिकटवायचं, हेच तर मी आयुष्यभर करत आले. तेच आता उलट्या बाजूनं करू का? एका माणसावरून शास्त्र होत नाही. तुझी बाजू खरी होती ती तुझ्या डोक्यातल्या डागामुळे नाही. तुझी पोरं तिसरीत गेली की धडाधड मराठी वाचायची, म्हणून खरी होती. ते मला दर वर्षी दिसत होतं. दिसत असून मी पडद्याकडे बघत होते.

तुला घरी आणल्यावर मी आले होते, आठवतं? तू ओट्यावर बसली होतीस, भाचीनं नागलीची भाकरी कुस्करून दिली होती आणि तू डाव्या हातानं खात होतीस. मला पाहिल्यावर हात मागं घेतलास. लाजलीस! मी म्हटलं, "आता कसं? लोक काय म्हणतील?" तू अर्ध्या तोंडानं हसलीस, लाळ गळाली, तरी हसतच राहिलीस. मग मला दाखवायला म्हणून पाढे म्हणायला लागलीस. बे एके बे, बे दुणे चार, सरळ मराठीत, न अडखळता, तीसपर्यंत! पाणी हा साधा शब्द मराठीत तुला सापडत नव्हता आणि पाढे मात्र जसेच्या तसे. तुझी मान ताठ झाली होती. मी ओट्यावरची लिंबं घेऊन चार चारच्या दोन ओळी मांडल्या आणि विचारलं, किती? तू पुन्हा बे एके बेपासून म्हणायला लागलीस, आणि आठ येऊन गेला तरी थांबली नाहीस. घोकलेलं राहतं हे तुझं खरं, आणि नुसतं घोकून भागत नाही हे माझं खरं. ते भांडण तरी बरोबरीत सुटलं असं समजू.

निघताना तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "कठं हतीस?" कुठं होतीस.

इतकाच प्रश्न. रागानं नाही विचारलास. महिनाभर आले नाही म्हणून विचारलास की त्या खाटेपाशी तुझ्यासमोर उभी राहून मी कुठं गेले होते म्हणून, मला कळलं नाही. मी मराठीत म्हणाले, "अगं, मीटिंगा फार होत्या." तू हात सोडलास. त्यानंतर दुसरा झटका आला आणि मी तुला पाहिलं ते अंगणात, झाकलेली.

सोमवारी पुन्हा प्रशिक्षण आहे. आज सकाळी मी ती शेवटची स्लाइड काढली. निळा-गुलाबी मेंदूही काढला. त्यात काही मोठेपणा नाही, एक बटण दाबावं लागतं. पण काल तुझ्या शाळेत काय झालं ते सांगायचं राहिलंय, आणि खरं म्हणजे त्यासाठीच बसले होते.

तू आजारी पडल्यावर तुझ्या जागी एक सर आलेत, बीडकडचे, अगदी कोवळे. पोरगा वाईट नाही. घरापासून इतक्या लांब, एकटाच खोली घेऊन राहतो, स्वतः भात शिजवतो. मी येणार म्हणून त्यानं वर्ग झाडून ठेवला होता. भिंतीवर, तू पोरांची चित्रं लावायचीस तिथं, नवा तक्ता होता. 'वर्गात एकच भाषा: मराठी.' अक्षर काय सुरेख! "मॅडम, तुमच्याच प्रशिक्षणातलं वाक्य," तो उत्साहानं म्हणाला. मग आवाज खाली करून म्हणाला, "पण ही मुलं काही बोलतच नाहीत हो. आपसात काहीतरी बडबडतात, विचारलं की गप्प. समज जरा कमीच आहे."

तुझी पोरं, काशे. जी साहेबांच्या पँटला धरून गोष्टी सांगायची, ती बसकरपट्टीवर मांडी घालून, ओठ मिटून बसली होती. मी माझ्या सुंदर मराठीत विचारलं, "मुलांनो, तुम्हाला काशीबाईंची आठवण येते का?" कुणी हललं नाही. मी त्यांना एक गोष्ट सांगितली. चित्रं दाखवली. प्रश्न विचारले. अर्धा तास तरी गेला असेल. सर माझ्याकडे बघून, बघा, म्हटलं नव्हतं का, अशी मान हलवत होते.

आणि पुढच्या पट्टीवरची एक पोरगी, नाकात चमकी, शेंबूड वर ओढत, आपल्या बोलीत भराभर काहीतरी बोलली.

सर माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

अगदी तेच शब्द. मी दारात कुणी उभं आहे का ते पाहिलं. खोटं कशाला बोलू, खरंच पाहिलं. मग म्हणाले, "ती विचारतेय, बाई कुठे गेली, आणि बाईचा हात बरा झाला का."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पोरीपुढे उकिडवी बसले आणि तिला बोलीत सांगितलं की बाई मेली, आता यायची नाही, हात काही बरा झाला नाही. शब्द गंजले होते. कितीतरी वर्षं तोंडातून काढलेच नव्हते. एक शब्द चुकला, तर मागची दोन पोरं फिसकन हसली. अशा बातमीला हसली! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग सगळी एकदम बोलायला लागली, तुझ्याबद्दल, म्हशीबद्दल, तू ओट्यावरून पडलीस त्याबद्दल. गलका झाला नुसता. सर मधोमध उभे, कुणाकडे बघावं कळेना त्यांना.

ती चमकीवाली मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "तू आमचीच आहास?"

मी मान हलवली.

"मंग मगाधरनं का नाय बोललीस?"

काशे, तूच विचारलेलं ते पुन्हा. या वेळी मीटिंगचं नाव काढवेना. मी खरं सांगितलं. म्हटलं, लाज वाटत होती.

"कोनाची?" तिनं विचारलं.

नुसती माहिती हवी होती तिला. बाकीचीही सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि त्यांच्या तोंडावर 'तुमची' असं मला म्हणता येईना.